बसलं की दुखतं

सकाळी ७.३०. एमआरआयच्या यादीत गुडघे आणि मणके बरेच आहेत, ओटीपोटाची न्यूरोग्राफी, म्हणजे नसांचा एमआरआय, एकच. तिच्यासाठी लवकर आले, कारण ही फाइल तपासणीच्या आधी वाचावी लागते. सोनोग्राफी, सीटी, दुर्बिणीची तपासणी, सगळं नॉर्मल. शेवटी गर्भाशयही काढलं. दुखणं जागच्या जागी.

८.००. बाई आल्या. खुर्ची पुढे केली तर म्हणाल्या, "उभीच राहते मॅडम." त्यांना विचारत गेले. बसलं की वाढतं, उभं राहिलं की कमी, कमोडवर बसलं तर सुसह्य. आडवं झाल्यावर झोप लागते, दुखण्याने जाग येत नाही. हे सगळं ओटीपोटाखालच्या भागाच्या प्युडेंडल नसेकडे बोट दाखवणारं आहे. "नेमकं कुठे?" त्यांनी दाराकडे पाहिलं. मिस्टरांना बाहेर थांबायला सांगून मी दार लावलं, कागदावर आकृती काढली आणि पेन त्यांच्या हातात दिलं. डाव्या बाजूला, योनिमुखापासून गुदद्वारापर्यंत त्यांनी रेघ ओढली. आजवर 'खाली दुखतं' एवढंच त्या सांगत आल्या होत्या आणि ऐकणाऱ्यांनीही तेवढ्यावरच भागवलं होतं. माझ्या मते आजच्या दिवसातली सर्वांत मोलाची तपासणी ही रेघच.

८.४५. मशीन तीन टेस्लाचं. आतड्यांची हालचाल मंदावण्यासाठी इंजेक्शन दिलं. काप अगदी पातळ घ्यायचे आणि चरबीची चमक दाबायची, म्हणजे नस उठून दिसते. आरन फिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हापासून नसेचं स्वतंत्र चित्र काढता येऊ लागलं. पाऊण तास बाईंना हलता येणार नाही. आडवं असल्याने तेवढं त्यांना जमतं.

१०.३०. वाचन. माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतून, दुसऱ्या ते चौथ्या मुळांपासून प्युडेंडल नस निघते. ओटीपोटातून बाहेर पडून दोन अस्थिबंधांच्या मधून वळते, पुन्हा आत शिरते आणि अल्कॉक कालव्यातून पुढे जाते. आवळली जाण्याची शक्यता बहुधा या दोन जागी. डावी नस अस्थिबंधांपाशी उजवीपेक्षा जाड आणि उजळ दिसते. पण इथे घाई नको. शेजारून जाणारी शीरही तशीच उजळ दिसते, म्हणून प्रत्येक कापात नसेचा माग काढते. चुंबकाच्या दिशेशी सुमारे ५५ अंशांचा कोन झाला, तर काही चित्रांत निरोगी नसही उजळते. शिवाय चित्र स्वच्छ आलं म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. 'नस दबली आहे' असं मी लिहीत नाही. 'डाव्या बाजूचा बदल लक्षणांशी जुळतो, ब्लॉक (नसेजवळ भुलीचं इंजेक्शन) देऊन पडताळावा' असं लिहिते.

दुपारी २.३०. मागे न्यूरोग्राफी झालेल्या एका तरुणाचा ब्लॉक. सीटीवर पाहत सुई नसेजवळ नेली आणि भुलीचं औषध सोडलं. थोड्या वेळाने त्याला लाकडी स्टुलावर बसवलं. तो बसला आणि बसूनच राहिला. या नसेच्या दुखण्याच्या निदानासाठी फ्रान्समधल्या नांत शहरात २००६ मध्ये ठरलेल्या पाच निकषांपैकी ब्लॉकने दुखणं थांबणं हा एक. तरीही दुखणं या नसेच्या टापूतलं आहे, एवढंच त्यातून कळतं. नस आवळली गेली आहे, हे त्याने सिद्ध होत नाही.

५.००. बाईंच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन. आधी ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, औषधं, मग ब्लॉक. शस्त्रक्रियेचा विचार अगदी शेवटी.

६.३०. निघण्याआधी हे वाचणाऱ्यांसाठी: सहा महिन्यांहून जास्त ओटीपोट किंवा त्याखालचा भाग दुखत असेल, बसल्यावर वाढत असेल आणि रिपोर्ट नॉर्मल येत असतील, तर नेमकी जागा कागदावर काढून डॉक्टरांकडे न्या. केवळ दुखण्यासाठी गर्भाशय काढायचा सल्ला मिळाला, तर होकार देण्याआधी 'हे नसेचं दुखणं असू शकेल का?' हे नक्की विचारा.