जुनी डिझेल जीप घ्यायचीय? आधी कागद, मग चेसिस, रंग सगळ्यात शेवटी



रिसोड, मालेगाव, मानोरा, कुठेही जा. एखाद्या गोठ्याच्या बाजूला ताडपत्रीखाली महिंद्राची जुनी जीप उभी दिसतेच. मालक म्हणतो, "घेऊन जा भाऊ, लाखात देतो." आणि आपल्या डोक्यात लगेच गणित सुरू होतं: दुरुस्त करू, रंग मारू, दुप्पट-तिप्पट भावात विकू. व्हिडिओत मी गाडी दाखवली, इथे पैशाचं बोलू. कारण पहिल्यांदा हे काम करणाऱ्याचं भांडवल इंजिनात कमी आणि चुकीच्या क्रमात जास्त बुडतं.

आधी गाडी ओळखा. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपचे सुटे भाग जोडायला सुरुवात केली, आणि तोच सांगाडा थोड्याफार फरकाने पुढे कित्येक वर्षं चालला. १९८५ ला आलेली एमएम ५४० ही त्यातली नाव कमावलेली गाडी. तिच्यात २११२ सीसीचं प्यूजो जातीचं डिझेल इंजिन, ताकद साधारण ६२ हॉर्सपॉवर. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत २५२३ सीसीचं डीआय इंजिन आलं. नवशिक्याने शक्यतो डीआयवाली घ्यावी असं माझं मत. इंजिन साधं, आणि ते हाताखालून गेलेले मिस्त्री आपल्याकडे तालुक्याला सापडतात.

पण प्रत्येक जीप फोर बाय फोर नसते, बरं का! आपल्याकडे काळी-पिवळी म्हणून धावलेल्या कितीतरी जीप फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक-दोन छोटे दांडे आहेत का बघा. मग खाली वाका. पुढच्या एक्सलला गोळा आहे का? त्याला जाणारा शाफ्ट जागेवर आहे का? काहींनी डिझेल वाचेल म्हणून तो काढून ठेवलेला असतो, आणि मग तो हरवतो. सगळं असलं तर नांगरलेल्या मोकळ्या मातीत फोर व्हील लावून चालवा आणि दुसऱ्याला पुढची चाकं माती ओढतात का ते बघायला सांगा. ही चाचणी डांबरी रस्त्यावर करू नका, दातऱ्यांवर ताण येतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यावर याच गोष्टीचे पैसे मिळतात. ती नसेल तर भाव त्याप्रमाणे पाडा.

आता कागद. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. फीचे आकडे बदलत राहतात, म्हणून व्यवहाराच्या दिवशी आरटीओतून किंवा परिवहनच्या साइटवरून घ्या, एजंटच्या तोंडून नको. आरसी पुस्तकातला चेसिस नंबर प्रत्यक्ष सांगाड्यावर शोधा. गंज घासा, कागद ठेवून पेन्सिल फिरवा, ठसा उमटला पाहिजे. अक्षर वाकडं किंवा वेल्डिंगची खूण शेजारी दिसली तर टोकनसुद्धा देऊ नका.

एक स्थानिक खूण सांगतो. आपला जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. म्हणजे गाडी १९९० च्या आसपास बनलेली आणि पाटी एमएच-३७ ची असेल, तर तिची इथली नोंदणी नंतर झाली आहे. लष्कराच्या लिलावातली गाडी असू शकते, परराज्यातून आलेली असू शकते. दोन्ही चालतं, पण लिलावाचा किंवा एनओसीचा कागद हवाच.

हरियाणातल्या डबवालीसारख्या ठिकाणच्या उघड्या, रुंद टायरच्या जीपचे व्हिडिओ बघून तुमचाही हात शिवशिवत असेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीवर लिहिलेल्या कंपनीच्या मूळ तपशीलात बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच स्पष्ट केलं. अशी गाडी पासिंगला अडते, म्हणजे विकायलाही अडते.

कागद पक्के झाले की सांगाडा. कमानपाटे जिथे बसतात तिथे, आणि बॉडी बसते त्या ठिकाणी, छोट्या हातोडीने ठोका. टणक आवाज आला तर ठीक, भुसभुशीत आला तर पत्र्याचं काम तुमचा अंदाज मोडणार. मग ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग. इंजिन त्यानंतर: गरम झाल्यावर ऑइल टाकायचं झाकण काढा, धूर जोरात फुसफुसत असेल तर बोअर-पिस्टनचा खर्च धरा. रंगाला सगळ्यात शेवटी हात लावा. आणि हो, नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका, खाली स्टँड किंवा लाकडी ठोकळे लावाच.

आता खरा हिशोब, आकडे उदाहरणापुरते. समजा १ लाखाची गाडी, १ लाख खर्च, ८ महिने काम, विक्री २ लाख ६० हजार. ६० हजार नफा दिसतो. महिन्याला साडेसात हजार झाले. त्यात तुमची मजुरी, शेडचं भाडं आणि अडकलेल्या २ लाखांचं व्याज धरलेलंच नाही. दुकान चालू असेल तर तेच २ लाख मालात फिरवून काय सुटतं, ते शेजारी लिहून बघा. कर्ज काढून पहिली जीप घेऊ नये, हे मी क्लासमध्ये स्पष्टच सांगतो.

तरी घेणार असाल तर एक वही करा. प्रत्येक पार्ट, तारीख, बिल, लेथवाल्याची मजुरी, सुटं करण्याआधीचे फोटो. स्पेअरसाठी पुण्याची नाना पेठ आणि दिल्लीचं कश्मीरी गेट हे जुने बाजार आहेत, पण जुना पार्ट सोबत नेल्याशिवाय नवा घेऊ नका, एकाच नावाच्या वस्तूत मापं बदलतात. वही नीट ठेवली तर गिऱ्हाईक भाव करताना तीच पुढे ठेवता येते.

आणि काम करताना कुठे अडता ते लिहून ठेवा. कॅनव्हासचं हूड शिवणारा, जुन्या जीपची वायरिंग नव्याने बांधणारा, सीट भरणारा माणूस जवळपास मिळाला नाही, तर त्या कामाला किती भांडवल लागतं ते काढा. शिलाई मशीन आणि कॅनव्हासच्या ताग्यात बसणारं हूडचं काम पुढच्या व्हिडिओत घेतोय.