मूर्तिजापुरात उघड्यावर उभे असलेले संग्रहालय

अकोला जिल्ह्याला एक मान मिळाला होता. त्याची वाच्यता आपण वऱ्हाडी माणसांनी कधी फारशी केली नाही. भारतीय रेल्वेच्या मुख्य तीन रुंदीचे रूळ या एकाच जिल्ह्यात नांदत होते. मुंबई-नागपूर मार्गाचे साडेपाच फुटी रूळ, अकोल्याहून खंडव्याकडे जाणारे एक मीटरचे आणि मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूर अशा दोन दिशांना फुटणारे अवघे अडीच फुटांचे. अकोल्याच्या फलाटावर जयपूर-काचीगुडा मीनाक्षी एक्स्प्रेसची वाट पाहावी, दुसऱ्या फलाटावर हावडा मेल धडधडत यावी, आणि तासाभराच्या प्रवासानंतर मूर्तिजापूरला उतरून शकुंतलेच्या डब्यात शिरताना डोके वाकवावे. आपल्याला हे सारे इतके अंगवळणी पडले होते की त्यात नवल करण्यासारखे काही आहे असे वाटलेच नाही.

नवल वाटले ते नागपूरला, मोतीबागेत. तिथले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय २००२ साली उघडले. कडबी चौकाच्या बाजूने आत शिरले की शहराचा गोंगाट मागे पडतो. रंगरंगोटी केलेली छोटी इंजिने, जुने डबे, कंदील, घंटा, तिकिटे, यंत्रांचे सुटे भाग असा सारा संसार मांडलेला आहे. मुलांना फिरवायला छोटी गाडीही आहे. एका इंजिनाच्या चाकाशी एक आजोबा नातवाला दट्ट्या कसा पुढेमागे होतो आणि त्याने चाक कसे फिरते ते समजावून देत होते. नातवाचे लक्ष आइसक्रीमवर होते, पण आजोबांचे समजावणे थांबत नव्हते. मीही कान देऊन ऐकले. एखादे यंत्र समजावून देताना माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो नुसती शोभेची वस्तू दाखवताना दिसत नाही.

या संग्रहालयाची एक गंमत आहे. ते उघडले तेव्हा त्याच शहरातून अरुंद गाड्या रोज धावत होत्या. छिंदवाड्याची वाट २०१५ साली बंद झाली, नागभीडची २०१९ साली. म्हणजे आधी संग्रहालय झाले आणि मग गाडी इतिहासजमा झाली. हा क्रम आपल्याकडे सहसा उलटा असतो. वस्तू नाहीशी होते, मग तिची आठवण येते, मग समिती नेमली जाते, आणि समितीला वस्तू सापडत नाही. नागपूरने ती वेळ येऊ दिली नाही, याबद्दल त्या मंडळींना धन्यवाद दिले पाहिजेत.

तरीही बाहेर पडताना मनाला काहीतरी टोचत होते. इंजिन पाहिले, डबा पाहिला, पण गाडीत भरले काय जात होते? या सगळ्या लोखंडाचा खटाटोप कशासाठी होता? वऱ्हाडच्या माणसाला हा प्रश्न पडतोच, कारण त्याचे उत्तर त्याच्या शेतात उभे असते. उत्तर आहे कापूस.

१८५३ हे साल पाहा. १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. पुढच्याच महिन्यात, मे १८५३ मध्ये, कंपनी सरकारने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले. दोन्ही घटना एका वर्षातल्या हा योगायोग असेल, पण मँचेस्टरच्या गिरण्यांना मात्र दोन्ही हव्या होत्या. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. १८६७ साली जी. आय. पी. रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. १८७० साली खामगावचा फाटा आणि तिथला कापूसबाजार सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. वऱ्हाडच्या एका बाजारपेठेसाठी व्हाइसरॉय इतक्या लांब येतो, तो हवापालट करायला नव्हे.

मोठी लाइन झाली, पण ती वऱ्हाडच्या मधून एका रेघेत गेली. दारव्हा, यवतमाळ, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर ही कापसाची गावे त्या रेघेपासून दूर राहिली. पावसाळ्यानंतरच्या काळ्या मातीतून कापसाची बंडी हाकणे म्हणजे काय, हे ज्याने आस रुतलेली पाहिली आहे त्यालाच ठाऊक. तिथवर साडेपाच फुटी रूळ न्यायचे तर खर्च परवडत नव्हता. उपाय सापडला होता तो आपल्याच महाराष्ट्रात, बार्शीला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. रूळ अडीच फुटी, आणि इंजिन असो वा वाघिणी, कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नाही, असा त्याचा हिशेब. भार कमी म्हणजे रूळ हलके, पूल हलके, वळणे आवळ घेता येतात, भराव कमी लागतो. अरुंद रूळ म्हणजे खेळण्यातली गाडी नव्हे. ते शुद्ध काटकसरीचे शास्त्र होते.

वऱ्हाडात हे शास्त्र आणले किलिक निक्सन या १८५७ पासून मुंबईत असलेल्या पेढीने. १९१० साली तिने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूर-यवतमाळ सुमारे ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर-अचलपूर ७६. पुलगाव-आर्वीची छोटी लाइनही याच घराण्यातली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले झेड-डी जातीचे वाफेचे इंजिन १९२३ साली इथे कामाला लागले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. ७० वर्षांहून जास्त नोकरी. सरकारी नोकरांना ५८ व्या वर्षी घरी पाठवतात.

देशातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी ही लाइन खाजगी कंपनीचीच राहिली. गाड्या मध्य रेल्वे चालवायची, आणि कराराप्रमाणे कंपनीला मोबदला द्यायचा. यातूनच ‘इंग्रजांना अजून भाडे देतात’ ही दंतकथा तयार झाली आणि चहाच्या टपऱ्यांवर ती चवीने सांगितली गेली. किलिक निक्सन पुढे भारतीय हातांत आली होती, हे कुणी ध्यानात घेत नाही. पण दंतकथेचा राग खोटा नव्हता. करार चालू, मार्ग तसाच, आणि दुरुस्ती कुणी करायची यावर टोलवाटोलवी, अशी ती दशके गेली. माझे मत विचाराल तर संग्रहालयात या इंजिनाशेजारी तो करार काचेखाली ठेवला पाहिजे. गाडी कशाने हळू झाली हे बॉयलरपेक्षा त्या कागदावरून जास्त समजेल.

तर असे हे मूर्तिजापूर. मोठ्या रुळांवरून गाडी मुंबईकडे जाते आणि बाजूला अरुंद रूळ येऊन थांबतात. रुंदी बदलली की माल पुढे सरकत नाही, तो माणसाला उचलावा लागतो. रेच्यातून सरकी वेगळी होऊन, प्रेसमध्ये दाबून बांधलेली कापसाची गाठ १७० किलोच्या आसपास भरते. अचलपूरकडून अशा गाठींनी भरलेली वाघीण आली की ती इथे रिकामी व्हायची, आणि तोच माल मोठ्या वाघिणीत चढायचा. अडीच फुटी रुळांनी बांधकामात वाचवलेला पैसा हमालांच्या पाठीवर वसूल होत होता. जगातल्या कोणत्याही मोठ्या वाहतूक संग्रहालयात इंजिने चकचकीत असतात. ही पाठ मात्र कुठे दिसत नाही.

मी मूर्तिजापूरला गेलो तेव्हा अरुंद रुळांत बाभळी माजल्या होत्या. यवतमाळची आणि अचलपूरची, दोन्ही गाड्या गेल्या दशकाच्या उत्तरार्धात थांबल्या. मी रुळावर उभा राहून बूट आडवा ठेवून रुंदी पाहत होतो, तेवढ्यात एक वयस्कर गृहस्थ जवळ आले.

‘‘काय पाहून रायले जी?’’

‘‘शकुंतला पाहतो आहे.’’

‘‘शकुंतला गेली न भाऊ सासरी. आता काय पाहता?’’ आणि मग स्वतःच सांगू लागले. ‘‘आमी लेकरं होतो तवापासून या गाडीनं फिरलो. दर्यापूरले मामाकडं जाचं असलं त हेच गाडी. फाटक आलं का गाडी थांबे, गाडीतला माणूस उतरे, फाटक लावे, गाडी पार झाली का फाटक उघडे अन् पळत येऊन पुन्हा चढे. येखादी बाई धुऱ्यावरून हात दाखवत येऊन रायली त ड्रायवर म्हणे, येऊ दे माय, सावकाश ये.’’

हे ऐकून हसू येते, पण यात एक कार्यपद्धती आहे. मोजकी माणसे गाडी चालवणे, तिकीट देणे, फाटक लावणे, डबे जोडणे-सोडणे ही सगळी कामे करीत. वेग ताशी वीसच्या आसपास. म्हणून ते जमत होते. ही पद्धत कुठल्या पुस्तकात नीट लिहिलेली मला आढळली नाही. ती त्या माणसांच्या अंगात होती, आणि ती माणसे आता निवृत्त होऊन घरी बसली आहेत. आवाज मुद्रित करणारे यंत्र घेऊन कुणीतरी दर्यापूर, अंजनगाव, कारंजा, दारव्हा इथे त्यांच्या ओट्यावर बसायला हवे. इंजिन आणखी ५० वर्षे टिकेल, ती टिकणार नाहीत.

बोलता बोलता गृहस्थांनी मलाच विचारले, ‘‘ब्राडगेज कवा येते जी?’’

इथे आपल्यासारख्या हौशी लोकांनी जरा थांबायला पाहिजे. शकुंतला ही शहरातल्या माणसाची आठवण आहे, पण अंजनगावच्या कास्तकाराची आणि मजुराची ती एसटीपेक्षा स्वस्त सवारी होती. तिच्या बंद पडण्याने त्यांच्या खिशाला चाट बसली. रुंदीकरणाची घोषणा २०१६ साली झाली, लोकांनी आंदोलने केली, ती रास्तच होती. जुनी गाडी जतन करा म्हणून रुंद गाडी अडवणे हा करंटेपणा होईल. मोठे रूळ यावेत, लवकर यावेत. पण ज्या दिवशी ते येतील त्या दिवशी जुने रूळ, लोखंडी स्लीपर, खांब हे सगळे भंगाराच्या वजनावर जाईल. त्याआधी काय ठेवायचे हे ठरले पाहिजे, आणि ते अमरावती-अकोल्याच्या माणसांनीच ठरवावे.

मीटरगेजचे उदाहरण समोर आहे. अकोला-खंडवा मार्ग २०१७ साली बंद झाला. अकोटपर्यंत रुंद रूळ आले, पुढे मेळघाट. तिथे धूळघाटजवळ गाडी चढण चढताना वेटोळे घेऊन आपल्याच मार्गावरून वर जायची. डब्याच्या खिडकीतून खाली पाहिले की मघाशी ओलांडलेले रूळ दिसायचे. वाघांच्या जंगलातून मार्ग रुंद करू नये, तो बाहेरून न्यावा, अशी भूमिका राज्याने घेतली आणि ती योग्यच आहे. त्या वेटोळ्याला मात्र वाली उरलेला नाही. दगडी भराव आणि पूल उचलून दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात नेता येत नाहीत. तिथे १९७७ पासून पतियाळाची एका रुळावर चालणारी गाडीसुद्धा जपली आहे, पण डोंगर कुठून आणणार?

मूर्तिजापूरचे तेच आहे. इंजिन नागपूरला नेता येईल, पण दोन रुंदीचे रूळ शेजारी शेजारी उभे आहेत ते तिथेच पाहायला हवेत. फार नको. स्टेशनालगतचा एखादा किलोमीटर अरुंद मार्ग जागच्या जागी, त्यावर एक हाताने लावायचे फाटक, एक छोटी वाघीण आणि तिला समांतर मोठ्या रुळांवर एक मोठी वाघीण. दोन्हींच्या मधे फलाटावर १७० किलोची एक खरी गाठ. शाळेची मुले येतील तेव्हा मास्तरांनी चार पोरांना सांगावे, ही गाठ इकडून तिकडे सरकवून दाखवा.