टेप स्वतःच्या तक्रारी स्वतःच लिहून ठेवते

शेलूबाजारात सोयाबीन विकलं, पैसे खात्यात आले, मोबाइलवर मेसेज वाजला. शेतकऱ्याच्या लेखी व्यवहार आटोपला. बँकेचं काम मात्र इथून पुढे सुरू होतं, कारण मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यानुसार व्यवहाराची नोंद तिला निदान पाच वर्षं सांभाळावी लागते. मंगरूळपीर तालुक्यातल्या या बाजारगावातली ती एक ओळ कुठल्याशा डेटा सेंटरात जाऊन बसते आणि तिच्या प्रती निघतात. अशा जुन्या प्रतींचा मोठा साठा जगभर आजही ज्या वस्तूवर असतो तिचं नाव ऐकून पुष्कळांना हसू येईल. ती वस्तू म्हणजे टेप.

संगणकाची टेप आजची नाही. आयबीएमनं १९५२ मध्ये आणलेल्या ७२६ या यंत्राच्या एका रिळावर जेमतेम दोनेक मेगाबाइट मावायचे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा अजस्र संगणक आला, तेव्हा त्याच्याबरोबरही टेपची यंत्रं होती. मग फ्लॉपी आली आणि गेली, सीडी आली आणि गेली. टेप टिकली, नुसती टिकलीच नाही तर वाढत राहिली. एलटीओ या घराण्याची पहिली पिढी २००० साली आली तेव्हा एका कार्ट्रिजमध्ये १०० गिगाबाइट बसत. २०२१ च्या नवव्या पिढीत १८ टेराबाइट बसतात, म्हणजे १८० पट. कार्ट्रिज मात्र आजही तळहातावर मावतं.

त्या कार्ट्रिजच्या पोटात अर्धा इंच रुंदीची १०३५ मीटर टेप गुंडाळलेली असते. जाडी ५.२ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरात एकशे नव्वदच्या वर थर. या पट्टीवर ८,९६० समांतर रेघांमध्ये लिहिलं जातं, आणि लिहिण्याची रीत कुठल्याही शेतकऱ्याला चटकन ओळखू येईल. औत एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत जातं, वळतं, शेजारचा तास धरून परत येतं. टेप लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या यंत्राचं, म्हणजे ड्राइव्हचं, हेड तसंच चालतं, फक्त एका वेळी ३२ तास ओढतं आणि अशा २८० खेपा करतं. एक कार्ट्रिज पूर्ण भरायचं तर हेडखालून मिळून जवळपास २९० किलोमीटर टेप सरकते. सेकंदाला ४०० मेगाबाइट या पूर्ण वेगानं हे काम साडेबारा तास चालतं.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर फेब्रुवारी २०११ मध्ये साऱ्या जगाला मिळालं. गूगलच्या एका सॉफ्टवेअर बदलात दोष होता आणि जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या डिस्कवरच्या प्रतीही त्या दोषानं पुसल्या. पत्रं परत आली ती टेपवरून. टेप संगणकापासून सुटी असते, त्यामुळे दोष तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

पण सुटी पडलेली टेप बिघडली तर कळणार कसं? इथं खरी नवलाची गोष्ट सुरू होते. ड्राइव्हमध्ये लिहिणाऱ्या हेडच्या मागोमाग वाचणारं हेड असतं. लिहिलेला तुकडा तिथल्या तिथे वाचून तपासला जातो. तो नीट उमटला नसेल तर ड्राइव्ह तो पुढे पुन्हा लिहितो. बॅकअप घेणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही, त्याला काम यशस्वी झाल्याचंच दिसतं. ड्राइव्ह मात्र प्रत्येक फेरलेखनाची मोजणी ठेवतो. त्याशिवाय ‘टेपअलर्ट’ नावाची प्रमाणित पद्धत आहे, तिच्यात इशाऱ्यांचे ६४ क्रमांक ठरलेले असतात. सातवा म्हणजे टेपचं आयुष्य संपलं, विसावा म्हणजे हेड आत्ता साफ करा.

कार्ट्रिजही गप्प नसतं. त्याच्या कोपऱ्यात एक इवलीशी चिप असते, ती स्पर्शाविना रेडिओलहरींनी वाचली जाते. टेप आजवर किती वेळा चढली, तिच्यावर एकूण किती लिहिलं गेलं, हे तिच्यात असतंच. शिवाय ही टेप शेवटच्या चार वेळा कोणत्या ड्राइव्हमध्ये गेली, त्या यंत्रांचे अनुक्रमांकही तिला ठाऊक असतात.

म्हणजे टेपांच्या तब्येतीवर नजर ठेवणाऱ्या देखरेखीच्या सॉफ्टवेअरला नवं काही शोधायचं नसतं. आधीच लिहून ठेवलेलं वेळेवर वाचायचं आणि जुळवायचं, एवढंच त्याचं काम. यातला जुळवण्याचा भाग सगळ्यात मोलाचा. चूक झाली एवढंच कळून उपयोग नसतो, कारण दोष टेपचा की ड्राइव्हचा हे एका चुकीवरून ठरत नाही. तीच टेप तीन वेगळ्या ड्राइव्हमध्ये अडखळली तर टेप संशयित. तीन वेगळ्या टेपा त्याच ड्राइव्हमध्ये अडखळल्या तर ड्राइव्हचं हेड संशयित. नोंदीत दोघांची नावं एकत्र नसतील तर वर्षभराचा आकड्यांचा ढीगही मुका राहतो. म्हणूनच सॉफ्टवेअर बसवण्याआधीची तयारी ही मुख्यतः नावांची तयारी असते.

ड्राइव्हचं नाव म्हणजे त्याच्या अंगावरचा अनुक्रमांक. लिनक्स संगणक ड्राइव्हना शून्य, एक, दोन असे क्रमांक देतो खरे, पण संगणक बंद करून चालू केला की ते अदलाबदल होऊ शकतात. त्यांवर विसंबलं तर धडधाकट यंत्र दुरुस्तीला जाईल आणि आजारी यंत्र कामावर राहील. टेपचं नाव म्हणजे बारकोड. नवव्या पिढीच्या टेपवर तो ‘एल ९’ या खुणेनं संपतो. बारकोड नसलेल्या टेपा आधी शोधून त्यांना तो चिकटवायचा. सगळ्या संगणकांची घड्याळंही जुळवून घ्यायची, नाहीतर कुठली घटना आधी घडली हेच सांगता येणार नाही.

लिनक्सवर आणखी एक खड्डा आहे. एकाच ड्राइव्हला दोन दारं असतात. एका दारानं गेलं तर काम संपताच टेप मुळाशी गुंडाळली जाते, दुसऱ्यानं गेलं तर आहे तिथंच थांबते. चुकीच्या दारानं दोनदा लिहिलं की दुसरं लेखन पहिल्याच्या डोक्यावर बसतं. देखरेखीच्या सॉफ्टवेअरला मुळात टेपवर लिहायची गरज नसते, तेव्हा त्याला वाचण्यापुरताच अधिकार द्यावा.

टेपअलर्टचाही एक विचित्र स्वभाव आहे. इशारा एकदा वाचला की सहसा तो पुसला जातो. त्याच संगणकावरच्या बॅकअप सॉफ्टवेअरनं तो आधी वाचला तर देखरेखवाल्याच्या हाती कोरी पाटी येते आणि सगळं आलबेल वाटतं. म्हणून इशारे कोण वाचणार आणि दुसऱ्याला कोण कळवणार, हे आधीच ठरवावं लागतं.

मग येतो धोक्याच्या पातळीचा प्रश्न. नवव्या पिढीचं कोरं कार्ट्रिज पहिल्यांदा चढलं की ड्राइव्ह ते स्वतःशी जुळवून घेतो. त्यात सरासरी ४० मिनिटं जातात, कधी दोन तासही. हे ठाऊक नसलेलं सॉफ्टवेअर ड्राइव्ह गोठला म्हणून बोंब ठोकेल. थोडंफार फेरलेखन तर प्रत्येक ड्राइव्ह करतो. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे फक्त आकडे जमवावेत आणि आपल्या खोलीतल्या आपल्या यंत्रांची नेहमीची चाल समजली की मगच मर्यादा ठरवाव्यात. तापमानाचीही नोंद हवी. दीर्घकाळ जपायच्या टेपला साधारण १६ ते २५ अंश मानवतात, आणि वाशीम-अकोल्याकडच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढेच असतो. रात्री एसी बंद पडला होता का, हे सकाळी आलेल्या फेरलेखनाच्या आकड्याशेजारी दिसलं पाहिजे.

या सगळ्यातून टेपची तब्येत कळते. तिच्यावर योग्य फाइल आहे की नाही, हे मात्र कुठलाही इशारा सांगत नाही. चुकीच्या फोल्डरचा बॅकअपही टेपवर निर्दोष उमटतो. म्हणून तयारीच्या यादीत एक काम माणसाच्या नावावर लिहावं लागतं: दर महिन्याला कुठलीही एक टेप काढायची, तिच्यावरची एक फाइल परत आणायची आणि ती उघडून पाहायची. इशाऱ्याचे मेसेज कुणाला जाणार आणि तो रजेवर असेल तेव्हा कुणाला, ही दोन नावंही त्याच कागदावर हवीत. इतकं झालं की सॉफ्टवेअर बसवणं हे अर्ध्या दिवसाचं काम उरतं.