बेलिफाच्या शेऱ्यावर नजर कुणाची?

‘प्रतिवादी घरी मिळून आला नाही, घरास कुलूप, कधी परतेल याची शेजाऱ्यांना माहिती नाही, सबब समन्सची प्रत दर्शनी दारास डकवली.’ न्यायालयाचं समन्स बजावणाऱ्या बेलिफाचा अशा धर्तीचा दोन-तीन ओळींचा शेरा समन्सवर पडतो. खाली तारीख, वेळ, पंचांच्या सह्या होतात आणि कागद बेलिफांना काम वाटून देणाऱ्या नाझरामार्फत न्यायाधीशांपुढे परत येतो. एवढ्या ओळींवर दावा एकतर्फी चालू शकतो. मग हुकूमनामा, मग अंमलबजावणीची दरखास्त, मग जप्ती. शेरा खरा असेल तर तक्रारीला जागा नाही. खोटा असेल तर मात्र आपल्यावर दावा झाला होता ही बातमी माणसाला जप्तीचं वॉरंट दारात आल्यावर कळते.

सोलापूर जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळाल्या आणि दख्खनचे दंगे सुरू झाले. भडका उडाला तो मुख्यतः पुणे आणि नगर जिल्ह्यांत. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे जी दुखणी आली, त्यांत एकतर्फी हुकूमनामे ठळक होते. रयत कोर्टात येतच नव्हती. कधी भीतीनं, कधी अज्ञानानं, आणि कधी समन्स तिच्यापर्यंत पोचलेलंच नसे म्हणून. त्यानंतर आलेला ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ १ नोव्हेंबर १८७९ पासून अमलात आला, तो चार जिल्ह्यांसाठी: पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर.

हा कायदा कर्जाचा म्हणून लक्षात राहिला. मला त्यातली न्यायालयीन कलमं अधिक मोलाची वाटतात. समन्स नेणाऱ्या शिपायावर आणखी एक शिपाई नेमावा, असा सरधोपट उपाय त्यात नव्हता. प्रतिवादीला साक्षीदार म्हणून तपासायचं, आणि ते अनावश्यक वाटलं तर न्यायाधीशानं तशी कारणं लेखी नोंदवायची, असा दंडक घातला गेला. ऋणकोनं कर्ज कबूल केलं तरी व्यवहाराचा मागचा इतिहास उकरायचा. लहान दाव्यांत अपील बंद केलं, पण त्याबदली खालच्या न्यायाधीशांची दप्तरं तपासणारी यंत्रणा उभी केली. तिच्या माथ्यावर विशेष न्यायाधीश होते. महादेव गोविंद रानडे आधी विशेष न्यायाधीश डॉ. पोलन यांचे सहायक म्हणून आणि पुढे स्वतः विशेष न्यायाधीश म्हणून या कामावर होते. १८९३ मध्ये उच्च न्यायालयात जाईपर्यंत या जिल्ह्यांतली फिरती त्यांच्या नोकरीचा भागच होती. म्हणजे बजावणी खरी की खोटी याचं ओझं शिपायावरून उचलून न्यायाधीशाच्या खुर्चीवर ठेवलं गेलं होतं. मला ही त्या कायद्याची सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते.

आज ती देखरेख कुणाकडे आहे? लोक म्हणतात, सरकारकडे. ते अर्धंच खरं. बेलिफाचा पगार राज्याच्या तिजोरीतून जातो, पदांना मंजुरी राज्य देतं. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार जिल्ह्यातल्या न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं. रोजचं काम नाझर वाटून देतो, शिस्तीचा अधिकार प्रधान जिल्हा न्यायाधीशांचा आणि त्यांच्या वर उच्च न्यायालयाचे पालक न्यायमूर्ती. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यात सोलापूरही आहे. वरचं दार निदान मुंबईपेक्षा जवळ आलं.

या सगळ्या पायऱ्यांपेक्षा महत्त्वाचा एक छोटा नियम आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, आदेश ५, नियम १९. समन्स डकवून परत आलं आणि सोबत बेलिफाचं शपथपत्र नसेल, तर न्यायालयानं त्याला शपथेवर तपासलंच पाहिजे. शपथपत्र असेल तर तपासणं न्यायालयाच्या मर्जीवर. यातली गोम बघा. एक शपथपत्र जोडलं की सक्तीचा प्रश्न ऐच्छिक होतो. समोर शंभर प्रकरणांचा बोर्ड असलेला न्यायाधीश ऐच्छिक प्रश्न किती वेळा विचारणार? मात्र पुढचं वाक्य त्यालाही टाळता येत नाही: समन्स रीतसर बजावलं गेलं असं न्यायालयानं जाहीर करायचं, नाही तर योग्य वाटेल तशी बजावणी पुन्हा करायला सांगायचं. हे वाक्य मनापासून पाळलं तर निम्मी देखरेख तिथेच होते.

आता बेलिफाच्या बाजूनं. त्याला घर दाखवणारा माणूस बहुतेकदा वादीचा असतो. पुष्कळदा गाडीही वादीची आणि चहाही. म्हणूनच घर कुणी ओळखून दिलं, कुणादेखत कागद डकवला, त्यांची नावं-पत्ते शेऱ्यात हवेत असं नियम १७ व १८ सांगतात. सोलापुरात पत्ता हीच मोठी अडचण. पूर्व भागातल्या यंत्रमाग-विडी कामगारांची हजारो कुटुंबं भाड्याच्या खोल्या सोडून कुंभारीकडच्या वसाहतींत गेली. गोदूताई परुळेकर वसाहत दहा हजार घरांची, तर रे नगर तीस हजारांचं. तिथली पहिली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी दिली गेली. कर्जाच्या करारावर जुनाच पत्ता राहिला, तर जुन्या दाराशी गेलेला बेलिफ खोटं न लिहिताही अन्याय घडवू शकतो. शिवाय अक्कलकोटच्या कानडी घरात किंवा पूर्व भागातल्या तेलुगू घरात मराठी समन्स वाचून कुणी समजावलं का, याला शेऱ्यात रकानाच नाही. एक सुधारणा तेवढी झाली: १९७६ च्या दुरुस्तीआधी केंद्रीय संहितेत घरच्या प्रौढ पुरुषाकडेच समन्स देता येई, आता स्त्रीकडेही देता येतं.

मोबाइलनं हे सुटेल अशी आशा आहे. ई-कोर्ट्स प्रकल्पातल्या ‘एनस्टेप’ या ॲपमध्ये बेलिफ जागेवरूनच नोंद करतो. जीपीएसचं ठिकाण, फोटो, सही सगळं चढतं. न्यूयॉर्क शहरात हेच काम खासगी परवानाधारक करतात. न बजावलेल्या कागदांवर शपथा घेतल्याची प्रकरणं गाजल्यावर शहरानं २०१० मध्ये कायदा करून त्यांच्यावर जीपीएस नोंद सक्तीची केली. चांगलंच आहे. पण फोन गल्लीत पोचला एवढंच त्यातून सिद्ध होतं. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस ग्राह्य धरली; नुसती पोचली म्हणून नव्हे, तर जोडलेली फाइल उघडल्याचं दिसलं म्हणून. फरक तिथे आहे.

सर्वोच्च न्यायालयानंही २००२ मध्ये सुशीलकुमार सभरवाल प्रकरणात बजावणीचा कागद तपासला, तो संशयास्पद आढळला आणि एकतर्फी हुकूमनामा रद्द केला. २००५ च्या सेलम बार असोसिएशनच्या निकालात बजावणी यंत्रणेत गंभीर दोष आहेत हे स्पष्ट मान्य करून कुरिअरचा मार्ग मोकळा ठेवला. कुरिअरवाला मात्र जिल्हा न्यायाधीशांच्या शिस्तीखाली येत नाही, ही माझी त्यावरची कुरकुर.

सरकार स्वतः प्रतिवादी असतं तेव्हा चित्र उलटं होतं. सरकारी वकिलाकडे समन्स दिलं की बजावणी झाली. हुकूमनाम्यानंतरही तीन महिने अंमलबजावणी थांबते. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यासाठी बेलिफ सरकारी कचेरीतल्या खुर्च्या जप्त करायला येतो, ती बातमी होते. विडी कामगाराच्या दारावर डकवलेल्या कागदाची होत नाही.

तेव्हा तुमच्याविरुद्ध न कळता हुकूमनामा झाला असेल, तर आधी समन्सची, बेलिफाच्या शेऱ्याची आणि शपथपत्राची सही-शिक्क्याची नक्कल मागा. पंच कोण, घर कुणी दाखवलं, वेळ काय, हे वाचा. हुकूमनामा रद्द करून घेण्याची मुदत ३० दिवसांची आहे. समन्स रीतसर बजावलं गेलं नसेल तर ती हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. बेलिफ पैसे मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. आणि शेरा खोटा वाटत असेल, तर बेलिफाला शपथेवर तपासा, असा लेखी अर्ज त्याच न्यायालयात द्या.