विद्यापीठातील पहिले वर्ष

गावाकडे मराठीतून शिकलेला मुलगा स्वारगेटला एस. टी.तून उतरतो आणि चार दिवसांत वर्गात जाऊन बसतो. इंग्रजीतले निम्मे व्याख्यान डोक्यावरून जाते, खानावळीत ओळखीचे कोणी नसते, पहिल्या चाचणीत गुण घसरतात. या गोष्टी साध्या आहेत. त्यांवरून तो काढतो तो निष्कर्ष मात्र साधा नसतो. 'ही जागा आपली नव्हे' असे मनाने एकदा घेतले, की शंका विचारायला हात वर होत नाही. आणि दिवाळीला घरी गेलेला एखादा मुलगा परत येतच नाही.

अडचण निराळी आणि अडचणीचा लावलेला अर्थ निराळा. हा अर्थ बदलता येतो काय, हे अमेरिकेत ग्रेगरी वॉल्टन व जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने पाहिले. त्यांचा निबंध २०११ साली 'सायन्स' नियतकालिकात आला. तेथे वर्णाने अल्पसंख्य असलेल्या कृष्णवर्णीय मुलांना हीच शंका अधिक छळते. कृष्णवर्णीय व गोरे मिळून ९२ विद्यार्थी प्रयोगात होते. त्यांपैकी काहींना वरच्या वर्गांतल्या मुलांचे अनुभव वाचावयास दिले : प्रथम आम्हालाही परके वाटले, साऱ्यांनाच वाटते, पुढे ते ओसरले. मग त्यांनी स्वतःचा अनुभव लिहावयाचा व कॅमेऱ्यापुढे सांगावयाचा. तो पुढे येणाऱ्या नव्या मुलांसाठी आहे, असे त्यांना सांगितले होते. सारे काम तासाभराचे. पुढची तीन वर्षे गुण पाहिले, तेव्हा दोन्ही वर्णांच्या विद्यार्थ्यांमधले अंतर सुमारे निम्म्याने कमी झाले होते.

आम्हाला यातली खुबी शेवटच्या भागात दिसते. त्या मुलाला कोणी रोगी ठरवले नाही. उलट त्याच्याकडेच मदत मागितली. (वडीलधाऱ्यांचा उपदेश आम्ही कमी लेखत नाही, पण तो ऐकताना मुलाची नजर घड्याळाकडे असते.)

आपल्या वसतिगृहांतही दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींनी नव्यांसाठी अर्धे पान मराठीत लिहावे. यशोगाथा नको; ऑक्टोबरात आपण परत जायला बॅग भरली होती, हेही त्यात यावे. शिक्षकांनी त्याला गुण तेवढे देऊ नयेत.

त्या अमेरिकन विद्यार्थ्यांना शिक्षण संपताना या तासाविषयी विचारले, तेव्हा त्याचा आपल्यावर काही परिणाम झाला असे बहुतेकांना वाटतच नव्हते.