वाफेचं इंजिन जिवंत करणं म्हणजे रंगरंगोटी नव्हे

मुरगूडला रेल्वे कधी आली नाही. आपल्याला रूळ बघायचा तर कोल्हापूर गाठायचं. मिरज-कोल्हापूर मार्गाचं काम १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते सुरू झालं आणि १८९१ मध्ये संस्थानच्या खर्चाने तो पुरा झाला. त्या काळची वाफेची इंजिनं आज बहुतेकांना ठाऊक आहेत ती चौथऱ्यावर रंगवून ठेवलेली. म्हणूनच त्यांच्याविषयी काही समजुती घट्ट बसल्या आहेत.

गैरसमज : एवढं जाडजूड लोखंड! घासलं, तेल घातलं की चालेल.

सांगाडा आणि चाकं खरंच तगतात. जीव जातो तो बॉयलरचा. आगपेटीच्या, म्हणजे कोळसा जळतो त्या कप्प्याच्या, पत्र्याच्या एका अंगाला पेटता कोळसा आणि दुसऱ्या अंगाला पाणी असतं. जड पाण्यातले क्षार पत्र्यावर आणि नळ्यांवर थरांनी बसतात. मग उष्णता पाण्यात पुरेशी उतरत नाही आणि धातू जास्त तापतो. इंजिन बंद पडल्यावर उरलेली राख ओल धरते आणि पत्रा खालून कुरतडते. म्हणजे पावसात नुसतं उभं राहूनही इंजिन झिजतं. गुऱ्हाळात रिकाम्या काहिलीखाली कुणी चुलवाण पेटवत नाही, तोच नियम इथे. आगपेटीच्या माथ्यावरचं पाणी उतरलं तर पत्रा मऊ पडतो, आतल्या दाबाने खचतो आणि स्फोट होतो. त्याआधी इशारा मिळावा म्हणूनच माथ्यात वितळणारा प्लग बसवलेला असतो.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात रंगाने होत नाही. अल्ट्रासोनिक यंत्राने पत्र्याची जाडी मोजतात, नळ्या काढतात, मग बॉयलर थंड पाण्याने भरून नेहमीच्या दाबापेक्षा जास्त दाब देतात. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कुठे फुटलंच तर गळती होते, स्फोट होत नाही.

गैरसमज : सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून काम अडतं.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्या ज्या जिल्ह्यात आहेत, तिथल्या माणसाला हे पटू नये. पॅटर्न करून बिडाचा भाग ओतता येतो. अडचण मापाची आहे. झिजलेला भाग मोजून तसाच ओतला तर झीजही नव्या भागात उतरते. मूळ ड्रॉइंग नसेल तर जोडीचे भाग बघून मूळ माप शोधावं लागतं, ओतीव लोखंड थंड होताना आकसतं त्याचा हिशेब धरावा लागतो. याहून मोठी टंचाई माणसांची. चित्तरंजनच्या रेल्वे इंजिन कारखान्यात वाफेच्या इंजिनांचं उत्पादन १९७२ मध्ये थांबलं. तापलेला रिव्हेट ठोकणारे, आगपेटीचे स्टे (आधाराचे दांडे) बसवणारे हात त्यानंतर कमी होत गेले. मला ही हानी लोखंडाच्या हानीपेक्षा मोठी वाटते.

गैरसमज : माथेरानच्या गाडीसाठी नेरळला दिसतं ते वाफेचंच इंजिन.

रूप बघून ठरवू नका. तिथल्या एका डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचा साज चढवलेला आहे. पर्यटकांसाठी ते छानच, पण ती पुनरुज्जीवनाची कामगिरी नव्हे. खरं वाफेचं इंजिन हवं तर ७९४ क्रमांकाचं बघा. अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्याने ते १९१७ मध्ये बांधलं, दार्जिलिंगच्या घाटात ते राबलं आणि तिथून नेरळला आलं.

गैरसमज : बॉयलर बदलला की इंजिन अस्सल उरत नाही.

रेल्वेच्या नित्याच्या वापरातही एका इंजिनाचा बॉयलर त्याच जातीच्या दुसऱ्या इंजिनावर चढायचा. जुना पत्रा सांभाळायच्या हट्टापायी फायरमनचा जीव धोक्यात घालू नये, असं माझं ठाम मत आहे. काढलेला बॉयलर संग्रहालयात ठेवावा.

पैसा आणि काळ यांचा अंदाजही हमखास चुकतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे वाफेचं इंजिन २००४ मध्ये विकत घेतलं. मोठी दुरुस्ती संपून ते पुन्हा धावलं २०१६ मध्ये.

आणि धावल्यावर काम संपतं असंही नाही. बॉयलर ठरावीक काळाने धुवावा लागतो, पाणी शुद्ध करून भरावं लागतं. थंड इंजिन घाईने तापवलं तर पत्रे असमान फुगतात आणि सांधे गळू लागतात, म्हणून सकाळी गाडी सोडायची तर आग बरेच तास आधी, बारीक पेटवतात.