घर एक, भाव तीन! सातारा-सांगलीत घर घेण्याआधी वाचाच

घर आवडलं, भाव ठरला, आता कर्ज. थांबा! इसार देण्याआधी या आठ गोष्टी माहीत करून घ्या.

१. बँक खालचा आकडा धरते, सरकार वरचा
एकाच घराचे तीन भाव असतात: करारातला, बँकेच्या व्हॅल्युअरचा आणि रेडीरेकनरचा. करार आणि व्हॅल्युएशन यांत जो आकडा कमी, त्यावर बँक सहसा कर्ज देते. करार आणि रेडीरेकनर यांत जो जास्त, त्यावर मुद्रांक शुल्क लागतं.

२. फरक तुमच्या खिशातून
रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के ही कमाल मर्यादा. समजा, करार ६० लाखांचा आणि व्हॅल्युएशन ५४ लाखांचं. तर कर्ज ४८ नव्हे, जास्तीत जास्त ४३ लाख २० हजार. वरचे ४ लाख ८० हजार तुम्ही उभे करायचे. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च वेगळाच.

३. व्हॅल्युअर बँकेसाठी येतो
कर्ज थकलं तर घर विकून किती वसूल होईल, हे तो पाहतो. गळती, वाळवी, भिंतीतली ओल शोधणं हे त्याचं मुख्य काम नाही. त्याची फी तुम्ही भरली तरीही! जुन्या घरासाठी स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअर नेलेला बरा.

४. सांगलीत विचारा: रेषा कोणती?
आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधे निर्बंध. २०१९ मध्ये पाणी कुठवर आलं होतं, हे शेजाऱ्यांनाही विचारा.

५. पाटण-कऱ्हाडकडे भेगा पाहा
११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने या भागाला कायमचा धडा दिला. दगडमातीच्या जुन्या भिंतीतली तिरकी भेग रंगाखाली दडू शकते. काळ्या मातीवरचं घर असेल तर पायाही तपासून घ्या. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते.

६. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३
३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर-आर असतं आणि एक आर भरतो सुमारे १०७६ चौरस फूट. दहा गुंठे आणि दहा आर यांत साधारण १३० चौरस फुटांचा फरक, म्हणजे एक खोलीच!

७. गुंठेवारीचा दाखला मागा
सांगलीत गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनींवर वसाहतीच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आला. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र नसेल तर कर्ज अडू शकतं. जुन्या दस्तात ‘जिल्हा दक्षिण सातारा’ दिसलं तर दचकू नका. १९४९ ते १९६० या काळात सांगली जिल्ह्याचं नाव तेच होतं.

८. ‘क’ प्रत हाती घ्या
प्लॉट किंवा बंगला असेल तर विकणाऱ्याला भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायला सांगा. शेजाऱ्यांना नोटिसा जातात, त्यांच्यासमोर हद्द मोजली जाते आणि नकाशाची ‘क’ प्रत मिळते. कुंपण आणि नकाशा जुळत नसेल, तर ते खरेदीखताआधीच कळतं.

बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे घर निर्धोक ठरलं, असं मानू नका. मोजणी, पूररेषा आणि इंजिनिअरची पाहणी या तिन्हींचा खर्च घराच्या किमतीपुढे किरकोळ आहे. तो आधीच करा. आणि कर्ज ठरल्यापेक्षा कमी मिळालं तर इसार परत मिळेल, ही अट साठेखतात लिहूनच घ्या.